जळण बघून चूल

‘मातीची चूल घ्यावी की लोखंडाची?’ वर्षातून चार-पाच जण तरी मला हे विचारतात. विचारणारे दोन प्रकारचे. गावी घर आहे, गॅसही आहे, पण सिलिंडर पुरवून वापरायचा आहे, असे पहिले. निवृत्तीनंतर कोकणात किंवा मुळशीकडे घर बांधलेले आणि चुलीवरच्या भाकरीची ओढ लागलेले दुसरे. तिसरा प्रकार असा, की ज्यांचा रोजचा दोन वेळचा स्वयंपाक आजही लाकडावर होतो. ते मला काही विचारत नाहीत. त्यांना आजवर कुणीच फारसं विचारलेलं नाही, चूल मात्र बऱ्याच वेळा आणून दिलेली आहे. गेल्या पाऊणशे वर्षांत चुलीबद्दल आपण जे काही शिकलो, ते बहुतेक या तिसऱ्यांच्या स्वयंपाकघरात शिकलो.

विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, तुमच्याकडे जळण कुठलं? मग विचारतो, चुलीवर चढणार काय, तवा, पातेलं की अंघोळीच्या पाण्याचा हंडा? कुठली चूल, हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तर तो जवळजवळ सुटलेलाच असतो. दुकानात हे उलटं होतं. तिथे खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘धूरमुक्त’ लिहिलेलं असतं, आत चकचकीत स्टील असतं, आणि आपण शेव्हिंग ब्रश घ्यावा तशी चूल उचलून घरी आणतो.

जळणापासूनच सुरुवात करू. रत्नागिरीकडच्या आमच्या घरी जळण म्हणजे नारळाची सोडणं, करवंट्या, झावळ्यांचे जाड देठ, छाटलेल्या आंब्या-काजूच्या फांद्या आणि थोडं ऐन-किंजळाचं लाकूड. माणदेशात मावशीकडे बाभूळ, आणि ती नसेल तेव्हा वेडी बाभूळ. विदर्भात पऱ्हाट्या आणि तुराट्या. उसाच्या पट्ट्यात पाचटाचे ढीग. प्रत्येकाची चाल निराळी. करवंटी पेटली की धडाडते आणि तितक्याच लवकर संपते. सोडण धुमसत बसतं. बाभळीचा निखारा स्वयंपाक उरकला तरी राखेखाली जिवंत असतो. तुराटी भुर्रकन जळून जाते, म्हणून तिच्यावर स्वयंपाक करणारीला एका हाताने सतत जळण सारत राहावं लागतं. आता बाजारातल्या बहुतेक छोट्या लोखंडी चुलींचं तोंड जेमतेम चार-पाच बोटं रुंद असतं. बाभळीचा ओंडका त्यात शिरत नाही, तो फोडून काडीसारखा करावा लागतो. तुराटी मात्र त्यात छान बसते. म्हणजे तीच चूल यवतमाळात शहाणी ठरेल आणि दहिवडीला मूर्ख.

जळण ओलं की सुकं, हा मुद्दा जातीपेक्षाही मोठा. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असतं. उन्हात नीट वाळलेल्या लाकडात ते पंधरा-वीस टक्क्यांवर येतं. वाळलेल्या एक किलो लाकडातून साधारण ३४०० किलोकॅलरी उष्णता हाती लागते. ओल्या किलोतून १९०० च्या आसपास. एक तर त्या किलोत लाकूडच निम्मं, वर त्यातलं पाणी उकळून घालवण्यात आणखी उष्णता खर्च होते. त्यात ज्वाळ थंड पडते, आणि थंड ज्वाळ म्हणजे धूर. बारा हजारांची परदेशी चूल आणि ओलं लाकूड यांच्यापेक्षा तीन विटा आणि वैशाखात वाळलेलं लाकूड केव्हाही बरं. आमच्याकडे मृगाच्या आधी खोपीत जळण रचून होत नाही तोवर काकूला झोप लागत नसे. तिला किलोकॅलरी ठाऊक नव्हती, पण श्रावणात ओल्या लाकडाशी फुंकणीने झुंजणं काय असतं, ते पक्कं ठाऊक होतं.

धूर म्हणजे काय, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. लाकूड थेट जळत नाही. तापलं की आधी त्यातलं पाणी जातं, मग लाकूड फुटून त्यातून वायू निघतात, आणि शेवटी कोळसा उरतो. सुक्या लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांश भाग या वायूंच्या रूपाने बाहेर पडतो. आपल्याला दिसते ती पिवळी ज्वाळ म्हणजे हेच वायू जळताना. त्यांना पुरेशी हवा, पुरेसा ताप आणि जळायला क्षणभर वेळ मिळाला, तर मागे कार्बन डायऑक्साइड आणि वाफ उरते. तिन्हींपैकी एक कमी पडलं की तेच वायू न जळता डोळ्यांत जातात. धूर म्हणजे वाया गेलेलं जळण, असं हिशेबाने म्हणता येतं. पण तो फक्त वाया जात नाही, फुप्फुसात जातो.

या कसोटीवर आपली जुनी मातीची चूल तपासली तर तिला सरसकट नापास करता येत नाही. तीन उंचवट्यांवर टेकलेलं भांडं, पुढे रुंद तोंड, आणि शेजारी वैल. वैल ही तर मोठी हुशारीची गोष्ट. मुख्य भांड्याखालून निसटलेली आच वाया न घालवता शेजारच्या भोकाखाली न्यायची, आणि तिथे आमटी गरम राहते, नाहीतर दूध हळूहळू तापत राहतं. पुढे संशोधकांनी ‘दोन भांड्यांची कार्यक्षम चूल’ म्हणून जे काढलं, ते मुळात वैलच. भात रटरटत असताना निखारे पुढे ओढून त्यावर भाकरी शेकायची, फुफाट्यात कांदा पुरायचा, राखेने भांडी घासायची, आणि चुलीवरच्या माळ्यावर बियाण्याची कणसं टांगायची, म्हणजे धुराने त्यांना कीड लागत नाही. एका मातीच्या ढेकळाकडून इतकी कामं करून घेणारा स्वयंपाक आजच्या कुठल्याही चुलीला जमलेला नाही.

दोष मात्र मोठे. खाली जाळी नाही, त्यामुळे हवा लाकडाच्या वरून येते आणि राखेत गुदमरलेलं लाकूड धुमसतं. भिंती जाड, भारी मातीच्या. ‘जाड माती आच धरून ठेवते’ असं आपण कौतुकाने म्हणतो; खरं तर ती आच आधी स्वतः पिते. सकाळी गार चूल पेटवून दोन कप चहा करायचा तर चहापेक्षा चूलच जास्त तापते. दिवसभर पुरण शिजवायचं असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय भांडं आणि चूल यांच्यामधल्या फटीतून बरीच आच सरळ छपराकडे जाते. उघड्या चुलीत लाकडातल्या उष्णतेचा दहा ते पंधरा टक्के भागच भांड्यात पोहोचतो, असं जगभरच्या मोजण्यांतून पुन्हापुन्हा दिसलं आहे.

यावर इलाज शोधायची सुरुवात महाराष्ट्रातच झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चालायचं, जे. सी. कुमारप्पा ते पाहत. तिथे १९४७ मध्ये धुराडं असलेली ‘मगन चूल’ तयार झाली. त्यानंतर काही वर्षांनी, १९५३ मध्ये, हैदराबादच्या एस. पी. राजूंनी गरिबांच्या धूरविरहित स्वयंपाकघरांवर पुस्तिका काढली. तेव्हाचा सारा भर धूर घराबाहेर काढण्यावर होता. लाकूड वाचवणं हा विचार पुढे, सत्तरच्या दशकात तेल महागलं आणि जंगलं संपत चालल्याची ओरड झाली, तेव्हा आला. त्यातून ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला, आणि २००२ पर्यंत चालला. सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. त्यातल्या किती पाच वर्षं टिकल्या, हे ज्याने त्याने आपल्या गावात आठवून बघावं. आमच्या गावात एका घरी त्या चुलीच्या वैलावर तुळस लावली होती.

सगळा दोष सरकारी अनास्थेवर टाकून मोकळं होता येत नाही. आकडा गाठायचा म्हणून घाईने बसवलेल्या चुलीत भट्टीचं तोंड दोन बोटं मोठं झालं की हिशेब बिघडतो. सिमेंटच्या पाइपाचं धुराडं दर काही आठवड्यांनी काजळी काढून साफ करावं लागतं. ते कुणी सांगितलं नाही, सांगितलं तर कौलांवर चढायचं कुणी? चूल फुकट किंवा नाममात्र पैशांत आलेली, म्हणून ती मोडली तर दुरुस्त करावी असं कुणाला वाटलं नाही. त्याच काळात चीनने दहा कोटींहून जास्त घरांत सुधारित चुली बसवल्या. तिथे बहुतेक खर्च घरच्यांनीच केला, सरकारी पैसा गवंड्यांच्या प्रशिक्षणावर आणि कारखान्यात ओतलेल्या तयार भागांवर गेला. मला वाटतं, फरक तंत्रापेक्षा इथे पडला.

आपल्याकडे वेगळा धागा पुण्यात सापडतो. डॉ. आनंद कर्वे यांची ‘आरती’ ही संस्था, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, १९९६ पासून ग्रामीण तंत्रावर काम करते आहे. तिथल्या ‘लक्ष्मी’, ‘भाग्यलक्ष्मी’ या चुलींची खरी गंमत साच्यात होती. लोखंडी साचा घ्यायचा, त्यात ओतकाम करायचं, म्हणजे प्रत्येक चुलीचं माप तेच राहतं. कुंभार आणि बचतगटांच्या बायका हे काम शिकल्या आणि विकू लागल्या. गावात बनलेली, गावात विकलेली आणि मोडली तर गावातच दुरुस्त होणारी चूल. तुमच्या भागात असा कुणी कारागीर असेल आणि घरात चूल बसवायला कायमची जागा असेल, तर धुराड्याची दोन भांड्यांची बैठी चूल हीच माझी पहिली शिफारस. फक्त धुराडं कौलांच्या वर चांगलं हातभर न्या, आणि खाली काजळी काढायला झाकणाचं भोक ठेवायला लावा. गवंडी हे भोक हमखास विसरतो.

धुराडं असलं की प्रश्न मिटला, असंही नाही. ओडिशात ४४ गावांतल्या २६०० च्या वर घरांत रेमा हन्ना, एस्थर डुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन यांनी चार वर्षं पाहणी केली. पहिल्या वर्षी घरातल्या बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे तो फरक पुसला गेला, कारण चुली नीट वापरल्या जाईनात, दुरुस्त होईनात. आरोग्य सुधारलं नाही, लाकूडही वाचलं नाही. ग्वाटेमालात धुराड्याची चूल नीट राखली गेली, तिथे साध्या न्यूमोनियात ठाम फरक दिसला नाही, गंभीर न्यूमोनिया मात्र कमी झाला. मलावीत तर दहा हजारांहून जास्त मुलांवर पाहणी झाली, त्यांतल्या काहींच्या घरी पंख्याच्या आधुनिक चुली देऊन पाहिल्या. २०१६ मध्ये निकाल आला, न्यूमोनियाचं प्रमाण तेवढंच. बाहेर कचरा जळतो, शेजारची चूल धुमसते, आणि नवी चूल आली तरी जुनी जात नाही. दोन्ही शेजारी शेजारी पेटतात.

जुनी का जात नाही, ते मी मावशीच्या ओट्यावर बसून पाहिलं. तिच्यासाठी मी हौसेने एक लोखंडी रॉकेट चूल नेली होती. या जातीच्या चुलीचं तत्त्व अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये लॅरी विनियार्स्की यांनी ऐंशीच्या दशकात मांडलं. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी आतली नळी, खाली जाळी, भोवती आच न पिणारं हलकं आवरण. लाकूड आडवं सारायचं, ज्वाळ उभ्या नळीत ओढली जाते, तिथे वायूंना ताप आणि वेळ दोन्ही मिळतात, आणि भांड्याला लागेपर्यंत बराचसा धूर जळून गेलेला असतो. पाणी खरोखर भराभर उकळलं. मावशी खूश झाली. मग तिने तवा ठेवला.

ज्वारीची भाकरी तव्यावर एका बाजूने भाजते, पाणी फिरवलेली बाजू उलटते, आणि मग तव्यावरून काढून ती चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांना टेकवून उभी करतात. तिथे ती टम्म फुगते. हे सगळं होत असताना तव्यावर दुसरी पडलेली असते. रॉकेट चुलीत एकतर आच नळीच्या तोंडातून थेट तव्याच्या मध्यावर येते, त्यामुळे भाकरीच्या मध्यावर करपल्याचा गोल डाग आणि कडा कच्च्या. दुसरं म्हणजे निखारा आत पडतो, बाहेर ओढायला जागाच नाही. मावशीने दोन भाकरी केल्या, तिसरी जुन्या चुलीकडे नेली.

‘आरं, ह्यात निखारा हाय कुठं? भाकरी फुगवू कशावर, तुझ्या डोक्यावर?’

त्या चुलीवर आजही तिचा चहा होतो, कडधान्य शिजतं. भाकरी नाही. प्रयोगशाळेतल्या चाचणीत पाणी उकळतात, भाकरी थापत नाहीत, ही या क्षेत्रातली जुनी तक्रार आहे, आणि मला ती शंभर टक्के पटते. तव्याचं काम असेल तर रुंद तोंडाची, निखारा पुढे ओढता येणारी चूलच घ्यावी. जुन्याच चुलीत कार्यक्षमता हवी असेल तर बोटभर जाड सळयांची जाळी लोहाराकडून करून घ्यावी आणि विटांवर टेकवून राख पडायला खाली जागा ठेवावी. ज्या घरांत मी ही जाळी बसवून पाहिली, तिथे कुणी ती काढून टाकलेली नाही. खर्च एका जेवणाच्या थाळीएवढा.

पंख्याच्या चुली म्हणजे या घराण्यातल्या शिकलेल्या सुना. बॅटरीवरचा छोटा पंखा आगीत हवा भरतो, आग निळसर होते, धूर जवळजवळ दिसत नाही. वरून पेटवायची एक जातही यात येते: डबा तुकड्यांनी भरायचा, आग वर लावायची, ती खाली उतरत जाते आणि मधले वायू वरच्या ज्वाळेत जळतात. आकड्यांत या सर्वांत चांगल्या. पण बॅटरी आहे, चार्जर आहे, आणि पंख्यात एकदा भात उतू गेला की संपलं. त्यातून जळणाचे एकसारखे बारीक तुकडे किंवा कारखान्यातल्या गोळ्या लागतात.

गोळ्यांवरून आपल्या भागातली एक शिकवणी आठवते. २००६ च्या सुमारास ‘ऊर्जा’ नावाची पंख्याची चूल बाजारात आली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचं तंत्र, ब्रिटिश पेट्रोलियमचं भांडवल, नंतर पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे मालकी. महाराष्ट्र आणि कर्नाटकात ती जोरात गेली. सगळ्या मिळून चार लाखांच्या घरात विकल्या गेल्या. चूल खरोखर उत्तम होती. पण ती शेतातल्या कचऱ्याच्या दाबलेल्या गोळ्यांवरच चालायची, आणि त्या कच्च्या मालाला कारखान्यांचे बॉयलर जास्त भाव देऊ लागले. गोळ्या महागल्या, गावापर्यंत पोचेनाशा झाल्या, आणि धंदा हॉटेलं-खानावळींकडे वळला. चुली माळ्यावर गेल्या. जळण विकत घ्यावं लागणार असेल तर आधी जळणाच्या दुकानाची चौकशी करा, चुलीची नंतर.

या सगळ्या चर्चेत बंबाचं नाव कुणी घेत नाही, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं. लाकडावर चालणारं छोटं यंत्र म्हणून आपल्याकडे याहून चोख काही झालेलं नाही. तांब्याचा उभा पिंप, मधोमध खालून वर गेलेली नळी, खाली जाळी आणि राखेचा कप्पा, बाजूला पितळी तोटी. आग नळीच्या पोटात, पाणी तिच्या भोवती. ज्वाळ वर जाताना सगळ्या बाजूंनी पाण्याला घासत जाते, आणि आच निसटायला मार्गच उरत नाही. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत हे बंब ठोकून ठोकून घडवले जात. ओतलेल्या भांड्यापेक्षा ठोकलेलं तांबं कठीण होतं, म्हणून ते पिढ्यापिढ्या टिकतं.

काकू पहाटे पाचला मागच्या पडवीत बंब पेटवायची. आधी दोन करवंट्या उपड्या, त्यांच्यामधून वाळकी झावळी, मग सोडण. पहिली पाच मिनिटं भरपूर धूर, कारण गार तांबं ज्वाळेला गारठवतं. मग आवाज बदलतो, नळी घुमायला लागते, आणि धूर पांढऱ्याचा जवळजवळ नाहीसा होतो. तो घुमणारा आवाज ऐकला की आम्ही पोरं अंथरुणात आणखी खोल शिरायचो, कारण पुढचा नंबर आपला. हिशेब करून बघा. वीस लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पासष्टपर्यंत न्यायला ८०० किलोकॅलरी लागतात. तेच पाणी गॅसवर तापवलं, आणि गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता साठ टक्के धरली, तर रोज सव्वाशे ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. महिन्याचा पाव सिलिंडर. सोडण-करवंट्या ज्यांच्या अंगणात अशाही पडून असतात, त्यांनी नवी चूल घेण्याआधी माळ्यावरचा बंब उतरवून तांबटाकडे न्यावा. आतल्या नळीला भोक पडलं असेल तर डाग लावून मिळतो. तोंड मात्र घराबाहेर, पडवीत. न्हाणीघरात दार लावून बंब पेटवण्याचा शहाणपणा कुणी करू नये.

बंद खोलीतला हाच धोका कोळशाचाही. कोळशाच्या शेगडीला धूर दिसत नाही, म्हणून लोक तिला सुरक्षित समजतात. प्रत्यक्षात अपुऱ्या हवेत जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत खोली बंद करून शेगडी शेजारी घेऊन झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. उघड्यावर शेगडी जरूर वापरा, खिडक्या बंद असलेल्या खोलीत कधीच नाही. कोळशाचा खरा काटकसरी वापर ‘आरती’नेच दाखवला: उसाच्या पाचटापासून कोळसा, त्याच्या कांड्या, आणि वाफेवर शिजवणारा ‘सराई’ कुकर. पाच माणसांचा भात, वरण, भाजी शंभर ग्रॅम कोळशाच्या कांड्यांत होते. पाचटाच्या कोळशाच्या कामासाठी संस्थेला २००२ मध्ये इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांचा त्यात मोठा वाटा. दोन माणसांच्या घराला, बाहेर उघड्यावर, सराई खूप कामाचा आहे. भाकरी तिथेही नाही, अर्थात.

खोक्यावरच्या आकड्यांचं काय करायचं? भारतीय मानक ब्युरोचं आयएस १३१५२ हे मानक आहे. पंखा नसलेल्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के असावी, असं ते सांगतं. भांड्यात पोचलेल्या प्रत्येक मेगाज्यूलमागे धुराचे कण अनुक्रमे ३५० आणि १५० मिलिग्रॅमच्या आत, आणि कार्बन मोनॉक्साइड पाच ग्रॅमच्या आत. खोक्यावर हा क्रमांक असेल तर चूल निदान एकदा तरी काट्यावर चढलेली आहे, एवढं समजावं. पण मानक पाळणारी चूलही धूर करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून हवेतल्या बारीक कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, आणि बंद स्वयंपाकघरात लाकूड पेटलं की आकडा शेकड्यांत जातो. ‘धूरमुक्त’ हा शब्द मी जाहिरातीचा मानतो. फुकट चुली वाटणाऱ्यांचे लाकूडबचतीचे दावेही तसेच: कार्बन क्रेडिट विकण्यासाठी ते किती फुगवले जातात, याची तपासणी २०२४ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’त आली, आणि क्रेडिटांचा फुगवटा सुमारे नऊ पट निघाला.

म्हणून माझं मत सरळ आहे: रोजचा घरातला स्वयंपाक गॅसवर, आणि चूल घराबाहेर. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला बलियात सुरू झाली; तिची आठ कोटीवी जोडणी २०१९ च्या सप्टेंबरात औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दिली गेली. जोडणी मिळाली, पण पुढचा सिलिंडर भरायचा तर एकरकमी पैसे लागतात, आणि सरपण मात्र रानात मिळतं. एकट्या बाईच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला ‘चूल बंद करा’ असं सांगायला मला तोंड नाही. तिच्याकडे तीच बैठी चूल हवी, धुराड्याची, आणि कौलांवर चढून काजळी काढणारा कुणीतरी. ज्यांना गॅस परवडतो आणि चूल हौसेची आहे, त्यांनी मात्र ती स्वयंपाकघरात आणू नये. फ्लॅटच्या गॅलरीत तर नकोच. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं.

विकत घेण्याआधी जमलं तर एक चाचणी करा. दुकानदार तयार नसेल तर घेतल्यावर करा, आणि परत करायची सोय आधी ठरवून ठेवा. रोजच्या पातेल्यात दोन लिटर पाणी, झाकण नको. सुक्या काटक्या तोलून घ्यायच्या, पाणी उकळेपर्यंत जाळायच्या, उरलेल्या पुन्हा तोलायच्या. दोन लिटर पंचवीसवरून शंभर अंशांवर न्यायला दीडशे किलोकॅलरी लागतात. बारा टक्के कार्यक्षमतेच्या उघड्या चुलीला त्यासाठी पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास लाकूड लागतं, पंचवीस टक्क्यांच्या चुलीला पावणेदोनशे. अडीचशेच्या वर लागलं तर खोक्यावरचं काहीही वाचायची गरज नाही. चाचणी करताना भांडं हलवून बघा. छोट्या लोखंडी चुली मोठ्या पातेल्याखाली डुगडुगतात, आणि पीठ हाटताना किंवा पुरण घोटताना डुगडुगणारी चूल म्हणजे भाजलेला पाय. पत्रा पातळ असेल तर आतली नळी दोन-तीन वर्षांत गंजून गळते, कोकणाच्या खाऱ्या हवेत त्याच्याही आधी. नळी बदलून मिळते का, ते विचारा. आणि चुलीची बाहेरची बाजू किती तापते, ते पाणी उकळत असताना हात जवळ नेऊन बघा, घरात रांगणारं मूल असेल तर जास्तच.

आमच्या घरी शेवटी काय ठरलं, ते सांगतो. गॅस आत. बंब तांबटाकडून डाग लावून पुन्हा मागच्या पडवीत. जुनी बैठी चूल अंगणाच्या कोपऱ्यात हलवली, जाळी बसवून, गणपतीत पाहुणे आले की त्यावर भात. मी आणलेली दुसरी एक रॉकेट चूल काकूने दोन वर्षं तोंडाने नाकारली आणि मग एका मे महिन्यात न विचारता बाहेर काढली. फणसाच्या आठळ्या उकडायला. तासभर एकाच आचेवर उकळत ठेवायचं काम, तवा नाही, निखारा नको, आणि काजूच्या काड्या त्या अरुंद तोंडात बरोबर बसतात.